दत्तराव सरांनी खोडलेलं नाव

सिद्धोधन मूळचा ताडकळसचा. वडील परभणीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, त्यामुळे यंत्र उघडून बघायची खोड घरातूनच लागलेली. भाषेची ओढ मात्र त्याला लावली ती शाळेतल्या दत्तराव सरांनी. पोरं बोलता बोलता एखादा घरचा शब्द बोलून जायची, की सर शिकवणं थांबवून तो वहीत टिपून घ्यायचे. येरवाळी म्हणजे वेळेआधी, मोप म्हणजे पुष्कळ, माळवं म्हणजे भाजीपाला. "पुस्तकात सापडायचा न्हाई हा," एवढंच म्हणायचे आणि धडा पुढे चालू करायचे.

सर निवृत्त झाले तोवर सिद्धोधन पूर्णेच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागला होता. एके दिवशी सर अकरा वह्या पिशवीत घालून तिथे हजर.

"हे कागदावर राहिलं तर वाळवी खाईल. मोबाईलमधी टाकता येतंय का बघ. आणि नुसतं लिहून न्हाई, आवाजासकट."

दोघांनी वर्षभर बाजाराच्या दिवशी फिरून आवाज गोळा केले. सगळ्यात जास्त शब्द दिले ताडकळसच्या बाजारात भाजी विकणाऱ्या कमलबाईंनी. एकट्या त्यांचे दोनशे चौदा. वजनकाटा बाजूला सारून त्या फोनपुढे अशा ठसक्यात बोलायच्या, की गिऱ्हाईक उभं राहून ऐकायचं. वेबसाइटचं नाव 'माळवं' ठेवू, हेही त्याच म्हणाल्या.

नाव नोंदवताना सिद्धोधनने सरांना शेजारी बसवून घेतलं. त्याने समजावलं, "सर, आपले आवाज एका सर्व्हरवर ठेवलेत. त्या सर्व्हरला एक नंबर असतोय, लांबलचक. माणसांना नंबर ध्यानात राहत न्हाईत, म्हणून नाव घ्यायचं. कुणी नाव टाकलं की फोन आधी विचारून घेतो, ह्या नावाचा नंबर कोणता? मग त्या नंबरावर जातो."

"कुणाला विचारतो?"

"त्यासाठी जगभर नोंदी ठेवल्यात. आधी नावाचा शेवटचा तुकडा कुणाकडं हाय ते बघायचं, मग त्याच्याकडं पुढची चौकशी."

सरांनी हट्ट धरला, नाव देवनागरीतच पाहिजे. ते मिळालंही, शेवटी 'डॉट भारत' असलेलं. पण आतल्या नोंदीत यंत्र ते रोमन अक्षरांत वळवून ठेवतं, हे कळल्यावर सर जरा हिरमुसले. मग त्यांनी नेमकं विचारलं, "हे नाव आता कायमचं आपलं?"

"न्हाई सर. मुदतीवर असतंय. पाच वर्षांचं घेतलंय, मग पुन्हा नोंदवायचं."

"आठवण कोण देणार?"

"ईमेल येतोय की," सिद्धोधन म्हणाला, आणि क्लासचाच ईमेल लिहून मोकळा झाला.

सरांनी शब्दांची एक छोटी पुस्तिका छापून घेतली, पाठीमागे वेबसाइटचं नाव ठळक. पूर्णा, पालम, सेलू इथल्या शाळांना ती वाटली. कमलबाई तर बाजारात सांगत सुटल्या, "माळवं म्हणून टाका मोबाईलमधी, मीच बोलायलेय."

पुढे सिद्धोधनला पुण्यात नोकरी लागली. क्लास बंद पडला, त्याचा ईमेलही कुणी उघडेना. सर्व्हरचं भाडं त्याच्या कार्डातून आपोआप जात राहिलं, त्यामुळे सगळं जागच्या जागी आहे असं तो धरून चालला. नाव वेगळं आणि जागा वेगळी, हे सरांना शिकवणारा तोच. पण स्वतःच्या वेळी त्याला ते सुचलं नाही.

पाच वर्षं उलटली आणि सरांचा फोन आला. "सिद्धोधन, आपलं माळवं उघडंना."

"रेंजचा घोळ असंल सर. रविवारी बघतो."

तो रविवार ऑफिसच्या कामात गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा रविवार. तिसऱ्या वेळी तो मीटिंगमध्ये होता. फोन कापला आणि परत करायचं राहून गेलं. मुदत संपल्यावरही काही आठवडे जुन्या माणसालाच नाव सोडवून घेता येतं; नंतरही थोडे दिवस दंड भरून मिळतं. सरांचे तिन्ही फोन त्या दिवसांत आले होते. हे त्याला पुढे कळलं आणि तिथून ते मनातून गेलं नाही.

अडीच महिन्यांनी त्याने नाव टाकलं, तेव्हा पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात उघडली. नाचणाऱ्या बाया, उधळणाऱ्या नोटा. नाव सुटलं होतं आणि कुणीतरी उचललं होतं. त्याने सर्व्हरचा तो लांबलचक नंबर शोधून काढला आणि नावाऐवजी तोच टाकला. सगळे शब्द तिथे जसेच्या तसे होते, कमलबाईंचा आवाज खणखणीत. फक्त तिथवर येणारी वाट आता दुसरीकडे वळवलेली होती.

नव्या मालकाला त्याने दोनदा लिहिलं. उत्तर नाही. मग दुसरं नाव घेतलं, ह्या वेळी दहा वर्षांसाठी, आणि रजा टाकून ताडकळसला आला.

सर ओसरीवर बसलेले. रागावले नाहीत, हेच त्याला जड गेलं.

"नवं नाव घेतलंय सर. शाळांना कळवून टाकू."

"शाळांचं मी बघितलं," सर म्हणाले. "पोरं ते उघडायला लागली होती. पालमच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला, म्हणाल्या, सर हे काय दिलंत तुमी? मग गेलो. एसटीनं. एकतीस शाळा झाल्या. जितकी पुस्तकं सापडली, तितक्यांवरचं नाव खोडून आलो."

पासष्ट वर्षांचा माणूस. सिद्धोधनला त्यांच्याकडे बघवेना. "मला सांगायचं होतं सर."

"सांगितलं की. तीनदा."

दुसऱ्या दिवशी नव्या नावाच्या चिठ्ठ्या घेऊन तो मोटारसायकलवर शाळा फिरू लागला. काही ठिकाणी पुस्तिका रद्दीत गेल्या होत्या. पालमच्या शाळेत कपाटातून नऊ निघाल्या. प्रत्येकीच्या पाठीवर सरळ पट्टी लावून मारलेली काळी रेघ, आणि तिच्याखाली सरांच्या वळणदार अक्षरात एक ओळ: 'शब्द ऐकायचे असल्यास फोन करावा.' खाली त्यांचा नंबर. चिठ्ठी चिकटवायला त्याचा हात होईना. त्याने ती ओळ मोकळी ठेवून वरच्या बाजूला चिकटवली.

संध्याकाळी त्याने सरांना विचारलं, "कुणी केला फोन?"

"तिघांनी," सर म्हणाले. "एकीनं तर दोनदा. मोप म्हंजे काय विचारत होती."

कमलबाईंकडे जायला सर तयार नव्हते. त्या महिनाभर सरांशी बोलल्या नव्हत्या. सिद्धोधन एकटाच बाजारात गेला. त्यांनी मान वर केली नाही.

"मावशी, चूक माझी हाय. सरांची न्हाई."

"माझ्या नातीच्या सासरी दाखवलं लोकांनी," त्या मेथीच्या जुड्या रचत म्हणाल्या. "म्हणले, तुमची आजी जुगार खेळवती. मी कुणाकुणाला सांगत बसू, की ते पहिलं वेगळं होतं म्हणून?"

"आता नवं नाव घेतलंय. तुमचा आवाज तसाच हाय, शाबूत. ऐकता का?"

"नको. काढून टाक माझा आवाज."

"मावशी, सगळ्यात जास्त शब्द तुमचे हायत."

"म्हणूनच काढ."

त्याने पुन्हा पुन्हा विनवलं नाही. तेवढा हक्क आपल्याला उरला नाही, असं त्याला वाटलं. सरांच्या ओसरीवर बसून त्याने लॅपटॉप उघडला. सरांनी फक्त विचारलं, "तिनं स्वतः सांगितलं?" त्याने होकारार्थी मान हलवली. मग एकेक शब्दापुढचा कमलबाईंचा आवाज पुसत गेला. दोनशे चौदा व्हायला दुपार लागली. शब्द आणि त्यांचे अर्थ राहिले, ऐकायची खूण तेवढी गेली. सर शेजारी बसून पडद्याकडे बघत होते. मधेच एकदा म्हणाले, "'माळवं' सगळ्यात शेवटी पुस."