सूनबाईंना घेऊन या

सत्तरच्या दशकात मी सांगलीत टेलिफोन ऑपरेटर होते. नवरा फौजेत, आसामच्या बाजूला. मी, सासूबाई आणि धाकटी नणंद विश्रामबागेत दोन खोल्यांत राहत होतो. सासरचं गाव कुंडल, तिथला ऊस दीर बघायचे. सरकारी नोकरीवाली सून म्हणून सासूबाई मला आळीत मिरवायच्या. मलाही ते आवडायचं.

काम असं होतं. समोर भिंतीएवढा बोर्ड, त्यावर दिवे. डोक्याला हेडफोन. दिवा लागला की कॉर्ड खुपसायची आणि नंबर विचारायचा. बाहेरगावचा ट्रंककॉल लागला की घड्याळाकडे लक्ष ठेवायचं आणि वेळ झाली की दोघांच्या बोलण्यात शिरून सांगायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" पाणी प्यायला उठायचं तरी बदली मुलगी येईपर्यंत थांबावं लागे. हळदीच्या सीझनला सगळे दिवे एकदम पेटत. इकडे सौदा चाललेला, व्यापाऱ्याला मुंबईचा भाव हवा, आणि लाइन मिळत नाही. लाइन माझ्या हातात नव्हती, पण बोलणी मी खायची.

"बाई, जाग्या हायसा का झोपला?"

"मुंबई लागत नाहीये, थोडं थांबा."

"थांबतो की. सौदा गेला माझा. आता तुमीच न्या ती हळद आन् घाला आमटीत."

शेजारच्या मुली हसायच्या. आधी मीही हसायचे. एका सीझनला मात्र हसू येईना. देवळातली घंटा असो, सायकलची असो, काही वाजलं की छातीत धडधडायचं. घास गिळवेना. ड्यूटीला निघण्याआधी मोरीत जाऊन ओकारी काढून यायचे. सासूबाईंनी ते ऐकलं. नवरा गणपतीनंतर घरी आलेला नव्हता.

"काय भानगड न्हाई न्हवं गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही आत्याबाई. पित्त झालंय."

याहून जास्त काय सांगणार? त्यांचं आयुष्य उसाच्या पाल्यात हात कापून घेण्यात गेलेलं. मी पंख्याखाली खुर्चीत बसून पगार घ्यायचे. खुर्चीत बसणाऱ्या बाईला कसला त्रास, असं मलाच वाटायचं, तर त्यांना का वाटू नये?

त्याच दिवसांत नणंदेला बघायला साताऱ्याचे पाहुणे आले. मुलगा शाळामास्तर, सोबत त्याची आई आणि मामा. मामा पेन्शनीत आलेले सुभेदार. मी सकाळची ड्यूटी करून तशीच घरी आले होते. पोहे नणंदेनं दिले, मागून चहाचा ट्रे घेऊन मी गेले. सुभेदार त्यांच्या पलटणीची हकिकत सांगत होते आणि ती संपत नव्हती. मी ट्रे धरून उभी. मग मी बोर्डावरच्या आवाजात म्हणाले, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?"

सुभेदारांनी मान वर केली.

"काय म्हणाल्या सूनबाई?" सुभेदारांनी विचारलं.

मी काय म्हणाले ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. कपबशा वाजायला लागल्या. ट्रे खाली ठेवायचा म्हटलं तर हात ऐकेना, आणि सगळ्यांसमोर मला रडू फुटलं. सासूबाईंनी ट्रे घेतला. "दोन दिस झालं, ताप हाय तिला," त्या म्हणाल्या आणि मला दंडाला धरून आत नेलं. पाठीमागे कुणीतरी हसलं. तो मुलगा असावा. त्याला मी दोष देत नाही.

पाहुणे गेल्यावर नणंद माझ्याशी बोलली नाही. सासूबाईंनी कुंडलहून अंगारा मागवला आणि माझ्या कपाळाला लावला. मी लावून घेतला. पुढच्या सुट्टीला मात्र चष्म्याचा नंबर काढायचा आहे असं सांगून एकटीच मिरजेला एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कामाचा ताण सहन होईना झालाय, म्हणाले. गोळ्या दिल्या आणि काही महिने बोर्डापासून लांब राहायला सांगितलं. गोळ्या मी मेथ्यांच्या डब्यात लपवल्या. बोर्डावरून काढा, असं ऑफिसात सांगायला मात्र तोंड उघडेना. कारण काय सांगणार होते?

मग मध्यस्थाकरवी निरोप आला. मुलगी पसंत आहे, पण पुढचं बोलायच्या आधी एकदा सूनबाईंना साताऱ्याला घेऊन या.

म्हणजे आता पाहुण्यांनी बघायचं ते मला. सासूबाईंनी मला स्वतःची नवी इरकल नेसवली. "कमी बोल," एवढंच सांगितलं. नणंद दारात उभी होती. "वैनी, नीट वागा हं," ती म्हणाली. माझ्याहून पाच वर्षांनी लहान मुलगी. मी मान हलवली आणि एस.टी.त सासूबाईंच्या शेजारी सातारा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

तिथे सुभेदारांनी मला पाटावर बसवून गाव, शिक्षण, दिरांचा ऊस, सगळं विचारलं. मी उत्तरं दिली. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरला. मग मुलाच्या आईनं मला चुलीपाशी बोलावलं आणि दार लोटलं.

"आता खरं सांगा. माझं एकुलतं एक पोरगं हाय. तुमच्या घरात कुणाचं डोकं फिरल्यालं हाय का?"

तापाचं सांगता आलं असतं. पण पुढे कधी गोळ्या सापडल्या तर ते नणंदेला निस्तरावं लागलं असतं.

"मलाच बरं नाही," मी म्हणाले. "मिरजेच्या डॉक्टरांकडे जाते. गोळ्या घेते. फोनच्या कामानं झालंय."

बाईंनी जाळ मागे ओढला. "बसून काम करून कुणाचं डोकं फिरतं व्हय? रानात राबून आमचं न्हाई फिरलं ते."

मी पदर सारखा केला.

"तुमी सून. म्हंजे हे तुमच्या माहेरचं असणार," त्या म्हणाल्या. त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "पोरीत त्यातलं काय यायचं न्हाई."

हिशेब सगळ्यांना सोयीचा होता. नणंद सुटली, सासर सुटलं. माझ्या माहेरी, कराडजवळच्या खेड्यात, माझ्या माहितीत असं कुणालाही काही नव्हतं. काम कसं असतं ते मी पुन्हा सांगू शकले असते. दिवे, शिव्या, कानात सतत बोलणारी माणसं. पण मलाच ते कारण पुरेसं वाटत नव्हतं, तर त्यांना काय पटवणार? मी मान खाली घातली. त्यांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

लग्न ठरलं. परतताना सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनली गं?"

"भाकरी येतात का म्हणाल्या."

पुढच्याच आठवड्यात मी सुपरवायझर बाईंकडे गेले आणि बोर्डावरून काढायला सांगितलं. साताऱ्यात एकदा सांगून झालं होतं, दुसऱ्यांदा जीभ एवढी अडखळली नाही. त्यांनी मला तक्रारी लिहून घेण्याच्या टेबलावर बसवलं. मुली माझ्याशी हळू आवाजात बोलू लागल्या, आजाऱ्याशी बोलतात तशा. त्याचं वाईट वाटे, पण पावसाळा सरेपर्यंत मला जेवण जाऊ लागलं आणि गोळ्या बंद झाल्या. म्हणजे ते माहेरचं नव्हतं, कामाचंच होतं. हे कळूनही मी साताऱ्याला ते कळवलं नाही. लग्न होऊन गेलं होतं.

दिवाळीनंतर माझे वडील आले. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत ओसरीत बसले.

"तिकडं सातारकडं कुणीतरी बोललं म्हनं, आपल्यात डोक्याचं हाय," ते म्हणाले. "तुज्या धाकट्या भनीचं जमवाय गेलतो, त्यांनी तोंडावर इचारलं. कुठनं उठलं आसंल गं हे?"

मी स्टोव्ह पेटवायला वळले.

"मी लय इचार केला," ते मागून म्हणाले. "माझ्या चुलत्याला फेफरं यायचं. तुमी तवा न्हवता. त्याच्यावरनंच धरलं आसंल लोकांनी. मी सांगितलं त्यास्नी, व्हय, हुतं त्याला. खोटं कशाला बोला?"

त्यांनी मला चहात साखर कमी घाल म्हणून सांगितलं. मी कमी घातली.