मेघाकडे चाललेला तारा

माणिकपूरच्या बाजारात कुणी सोनचाफ्याची पुडी उघडली की मला माझ्या सरांची खोली आठवते. त्यांच्या खिडकीशीच चाफ्याचं झाड होतं, आणि औषधांच्या वासावरही त्याचा घमघमाट मात करायचा. आकाशातल्या एका तेजोमेघाजवळ, म्हणजे वायू-धुळीच्या चमकत्या ढगाजवळ, एक पल्सार आहे, म्हणजे स्फोट होऊन मेलेल्या ताऱ्याचा गरगर फिरणारा गाभा. तो त्याच मेघातल्या स्फोटात जन्मला, असं सर आयुष्यभर मांडत आले होते. आम्ही त्यांच्या विद्यार्थ्यांनी काही वर्षं त्याची चाल मोजली. तिथे जन्मला असता तर तो मेघाच्या मध्यापासून लांब जाताना दिसायला हवा होता; तो मध्याकडेच चालला होता. हे सांगायला मी गेले, तेव्हा सरांच्या पत्नी दारातच हळू आवाजात म्हणाल्या, “आज नको सांगू गं बाय, फार थकलेत ते.” पण सरांनी माझा चेहरा पाहूनच विचारलं, “कुठे चाललाय?” “आत, सर. मेघाकडे.” “मोजण्यात चूक?” “पुन्हा पुन्हा तपासलं.” ते म्हणाले, “अजून काही वर्षं मोजलं तर?” मी नुसता त्यांचा हात धरला. जास्त वर्षं मोजल्याने आकडा नेमका होतो, दिशा उलटत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. “मग जन्मला कुठे तो?” त्यांच्या पत्नीने पेज आणली, आणि काहीच सुचेना म्हणून मी ती चमच्याने त्यांना भरवत राहिले. सरांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या पल्सारचं जन्मस्थान आम्हाला अजून सापडलेलं नाही.