कैसरचा पाव

कॉलेजच्या डायनिंग हॉलमध्ये आज कैसर रोल नावाचे गोल पाव भाजल्याचा वास आला आणि बाबा काम करायचे ती बेकरी आठवली. मी सात-आठ वर्षांची असेन. बाहेर बर्फ होता, शाळा बंद होती, म्हणून मी पिठाच्या पोत्यावर बसून होते. बाबा कणकेच्या गोळ्यांवर साचा दाबून पाच पाकळ्यांचं फूल उमटवत होते.

“कैसर म्हणजे जर्मनांचा बादशहा,” ते म्हणाले.

“त्याला कैसर का म्हणायचे?”

“ते कॉलेजात शिकवत असतील. तू जा आणि मला सांग.”

मला ती थट्टा वाटली. आमच्या घरातलं कोणीच कॉलेजात गेलं नव्हतं.

परवा जर्मनच्या तासाला उत्तर मिळालं. सीझर हे रोममधल्या एका घराण्याचं नाव. पुढे सम्राटांनी ते पदवी म्हणून लावलं आणि जर्मनमध्ये त्याचं कैसर झालं.

बाबांना तो प्रश्न आठवत असेल का, कोण जाणे. तरी मी आज फोन करून सगळं सांगितलं.

“म्हणजे नुसतं आडनावच की,” ते म्हणाले. “आपलं उलटं झालं. पाटीलकी कधीच गेली, आडनाव तेवढं राहिलं.”

मग म्हणाले, “साचा दाबताना रोज वाटायचं, पोरगी विसरली की काय.”