सकाळीच लागणारा दिवा

आमच्या गाडीचा बिघाडाचा दिवा संध्याकाळी मी घालवायचे आणि सकाळी तो लागला की आईवर ढकलायचे. मी काय करतेय हे मला कळेपर्यंत तिने गाडी चालवणं सोडलं होतं. थांबा, नीट सांगते.

आई दिंडोरीच्या अलीकडे एका गावात शिक्षिका आहे. इतकी वर्षं दिंडोरी नाक्यावरून शेअरच्या काळीपिवळी टॅक्सीत कोंबून घेऊन जायची. पन्नाशीला आल्यावर गाडी शिकली आणि दिवाळीनंतर आमची जुनी पेट्रोलची गाडी स्वतः शाळेत न्यायला लागली. इतकी खूश होती ना. घरी आल्या आल्या सांगायची, आज द्राक्षाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक केलं. बाबा विचारायचे, "उभा होता का?"

मग एका थंड सकाळी डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. तिने शाळेतून घाबरून मला फोन केला. मी नेमका तेव्हाच ऑनलाइन स्कॅनर मागवला होता, तो स्टिअरिंगखाली लावला की मोबाईलवर गाडीच्या बिघाडाचे कोड दिसतात. मी जाम एक्साइट झालेले. ती घरी आली की मी स्कॅनर लावायचे, कोड न वाचताच खोडायचे आणि गंगापूर रोडला चक्कर मारून यायचे. दिवा गायब. सकाळी तिने गाडी सुरू केली की परत हजर.

"माझ्याकडे तर लागत नाही," मी म्हणायचे. "तूच क्लचवर पाय ठेवून चालवत असणार."

"नाही गं ठेवत."

"मग तुझ्याच हातात कसा लागतो?"

बाबा म्हणायचे, "मॅडम, गाडी माणूस ओळखते." पेट्रोल जास्त जायला लागलं, त्याचंही खापर तिच्यावरच.

एक दिवस तिने चावी फ्रिजवर ठेवली. म्हणाली, "उद्यापासून काळीपिवळीनेच जाते. वाटेत बंद पडली तर पोरं वर्गात नुसती बसून राहतील." मी "बरं" म्हटलं. एवढंच.

गाडी मला मिळाली. मी ती सकाळी ओझरला इंटर्नशिपला न्यायला लागले, आणि पहिल्याच दिवशी सोसायटीच्या गेटपाशी दिवा लागला. तेव्हा कुठे मी कोड वाचला. ऑक्सिजन सेन्सरचा हीटर.

म्हणजे असं की, हा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपावर बसतो आणि धुरात ऑक्सिजन किती आहे ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. पण तापल्याशिवाय तो कामच करत नाही, म्हणून त्याच्या आत छोटासा हीटर असतो. हीटर गेला की सेन्सर तापायला वेळ लागतो आणि तोवर इंजिन जास्त पेट्रोल पितं. आमच्या गाडीचा कॉम्प्युटर हीटर तपासतो तो इंजिन गार असताना. संध्याकाळी मला गाडी मिळायची ती आईने दिंडोरी रोडवरून तापवून आणलेली. गार इंजिन फक्त तिच्या वाट्याला यायचं.

रविवारी मी बॉनेट उघडलं. फ्यूज ठीक होता. सेन्सरचा कनेक्टर सोडवला, गाडीकडून करंट बरोबर येत होता. मग सेन्सरच्या दोन पांढऱ्या वायरींना मीटर लावला, त्या हीटरच्या असतात. चांगल्या हीटरला थोडे ओहम दिसायला हवेत. मीटरवर आकडाच येईना. हीटर आतून तुटलेला. जुना होऊन गेला होता, कुणी काही केलं नव्हतं. नवीन सेन्सर आणला, जुना पान्याने हलेना म्हणून इंजिन जरा कोमट करून काढला, नवा बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गार गाडी सुरू केली. दिवा नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

मग आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"म्हणजे क्लचचं नव्हतं?"

"नव्हतं."

"मी पाय वर धरून चालवायचे गं, तू म्हणालीस म्हणून. शाळेपर्यंत. गुडघा दुखायला लागला होता माझा."

सॉरी म्हटलं तर ती म्हणाली, "मला नको म्हणूस. बाबांसमोर सांग." जेवताना सांगितलं. बाबांनी मान खाली घालून जेवण संपवलं, आणि फ्रिजवरची चावी स्वतः उठून तिच्या ताटाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. मी इंटर्नशिपला दांडी मारून शेजारी बसले. म्हसरूळ गेलं तरी तिचा डावा पाय अधांतरीच होता.

"आई, पाय खाली टेकव ना."

"तू बोलू नकोस," ती म्हणाली. "मला चालवू दे."