राब भाजल्यावर

माझ्या लबाड्या घरात सगळ्यांना पाठ आहेत. नातवाच्या डब्यातला लाडू खाऊन मी आळ मांजरावर घातला होता, ते तर तो पाहुण्यांना साभिनय करून दाखवतो. पण एक गोष्ट मी घशाखालीच ठेवली. नवऱ्याला सांगितली नाही — तो गेला. लेकीला नाही. आज तुम्हाला सांगायला बसले, तर आधी दार लावून घेतलं. या वयात कसली भीती? आहे.

माझा धाकटा भाऊ वसंता. त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. हाडांतली मज्जा, जिथे रक्त तयार होतं, ती बदलायची ठरली. माझी तपासणी झाली आणि प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली, "मावशी, फुल मॅच!"

झालं. तेव्हा मी होते पन्नाशीची, केस रंगवलेली, आणि अक्कल जेमतेम. कोपरच्या आमच्या महिला मंडळात मी असं सांगत सुटले, जणू मला निवडणुकीचं तिकीट मिळालंय. "मी डोनर आहे." "आधी इंजेक्शनं, मग हार्वेस्ट." हार्वेस्ट म्हणजे माझ्या रक्तातून मशीनने पेशी काढून घेणं, ग्राफ्ट म्हणजे काढलेल्या पेशींची ती पिशवी. शब्द असे फेकायचे, की बायका हळदीकुंकू विसरून माझ्याकडे बघत. काय तो तोरा!

एक शब्द मात्र मी मंडळात नेला नाही. कंडिशनिंग. माझ्या पेशी देण्याआधी वसंताची स्वतःची मज्जा जहाल औषधांनी पार मारून टाकायची — त्याला प्रयोगशाळेत तसं म्हणतात. तिथल्या त्या मुलीने समजावलं तेव्हा वसंता खाटेवरून हसला. "म्हंजे राब भाजतान तसा गो ताई!"

आमची पूर्वी भातशेती होती. पेरणीआधी बाप पालापाचोळा आणि शेण पसरून वाफ्याची जमीन भाजायचा, तो राब. वसंता म्हणाला, "राब भाजला का बी टाकायलाच लागतं. नायतर नुसती राख."

मी पण हसले. तेव्हा मला कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. मला पक्कं कळलं होतं.

त्याला ग्राफ्ट चढवायचा दिवस प्रयोगशाळेत 'डे झिरो' म्हणतात. त्याची मज्जा तोवर मारून झाली होती. मी सकाळी ठाण्याच्या दवाखान्यात पोहोचायचं, पेशी वाढवायचं शेवटचं इंजेक्शन घ्यायचं, मग मशीन. आधीच्या इंजेक्शनांनी कंबर ठणकत होती. डबा घेऊन मी निघाले. डोंबिवलीला ठाण्याची फास्ट गाडी आली — मी चढले नाही. माझं रक्त नळीतून बाहेर जाणार, मशीनमध्ये फिरणार — आणि परत नाही आलं तर? दुसरी गाडी आली. तीही गेली. मग मी पूल ओलांडला आणि उलट्या दिशेच्या कसाऱ्याच्या गाडीत जाऊन बसले.

टिटवाळ्याच्या गणपतीला हात जोडून लगेच फिरू, असं मनाशी म्हटलं. देवाला तरी फसवायचं किती? टिटवाळा आलं, मी उतरले नाही. खडवलीला उतरले, कारण तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. फोन बंद केला. बाकड्यावर बसून डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी — पोटभर खाल्ली. हेही सांगायलाच हवं. तिकडे वसंता राख होऊन पडला होता, आणि त्याचं बी खडवलीत बसून बोटं चाटत होतं.

मग परत का फिरले? तुम्हाला वाटेल, भावाची माया. मलाही तसंच वाटायला आवडलं असतं. पण डोळ्यांपुढे आल्या त्या मंडळातल्या बायका — "काय गो, झाला का हार्वेस्ट?" त्यांना काय सांगू? भाऊ मरेल, या भीतीने मी उठले नाही. चारजणींपुढे नाक कापलं जाईल, या भीतीने उठले.

दुपार उलटल्यावर पोहोचले. "ओव्हरहेड वायर तुटली," म्हटलं. भावजय सुनंदा दारातच उभी होती. मला बघताच माझ्या पाया पडली. प्रयोगशाळेतल्या मुलीने घड्याळ बघितलं. "मावशी, इंजेक्शन सकाळीच हवं होतं."

पेशी कमी पडल्या. दुसऱ्या दिवशी परत काढाव्या लागल्या. मग सुरू झालं वाट बघणं. दिलेल्या पेशी हाडांत जाऊन रुजल्या, की त्याला एनग्राफ्टमेंट म्हणतात. रोज सुनंदा विचारायची, रोज ती मुलगी नाही म्हणून मान हलवायची. वसंताला ताप चढला, उतरेना. जहाल अँटिबायोटिक दिली. शेवटी पेशी रुजल्या, वसंता जगला. पण त्या औषधांनी त्याचा डावा कान गेला.

"होतं असं कधीकधी," डॉक्टर म्हणाले. माझ्यामुळे झालं का? विचारायचं तर खडवली सांगावी लागली असती. मी विचारलं नाही. आजपर्यंत नाही.

आता त्याचं सगळं रक्त माझ्या पेशींचं आहे. प्रयोगशाळेत त्याला काइमेरिझम म्हणतात, वसंता म्हणतो, "मी सगला तूच हाय गो ताई." तो तपासणीला गेला की मला वेड्यासारखी धास्ती वाटते — त्या रक्तात कुणाला खडवली दिसली तर? दर भाऊबीजेला तो चारचौघांत सांगतो, हिने मला जीव दिला. आणि मी? मी साडी घेते. रंगही मीच सांगते.

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी त्याच्या डाव्या बाजूला बसले. हळूच म्हटलं, "वसंता, वायर तुटली नव्हती रे."

तो वळला. "काय गो?"

"चहा टाकायला सांग म्हटलं."

चहा आला. मी प्याले. बसायला मी अजून डावी बाजूच धरते.