वेशीवरचा मान

माझ्या सासूबाई, विमलबाई, शहात्तर वर्षांच्या. विंचू चपलेने मारणाऱ्या आणि मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याला दारातून पिटाळणाऱ्या. ही बाई आठ दिवस भ्यायलेली होती, आणि त्याला कारण व्हॉट्सअॅप.

तिसगावच्या अलीकडच्या आमच्या गावाला एकेकाळी राजे होते. गादी गेली तसे ते इंदूरला गेले. गावातल्या रिकामटेकड्यांनी ग्रुपवर विचारलं, राजांची गादी परत आली तर? झालं! कुणाला वीज फुकट दिसली, कुणाला चोर सरळ झालेले दिसले. शेवटी ठरलं, जत्रेत राजांचे पणतू अंगदराजे यांना एक दिवस गादीवर बसवायचं आणि जुन्या मानाप्रमाणे घराघराला काम द्यायचं. आमच्या घराला काय? वेशीवर काठी घेऊन उभं राहायचं. ह्याला म्हणे मान!

माझे यजमान भीमराज शुगर फॅक्टरीत फिटर. ते खुशीत होते.

"आई, एका दिवसाचं नाटक हाय. फेटा बी दिलाय."

"आदी काठी देत्यात, मंग मेलेलं ढोर वढाया सांगत्यात. माजा बाप उभा हुता म्हायेरच्या वेशीवर. खरंच राजं आलं तर तुजी घटना कुटं ऱ्हाती रं?"

मी हसले. पण दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीची बारावीची गुणपत्रिका गव्हाच्या कोठीत सापडली. सासूबाईंनीच लपवली होती, राजे आले तर फाडतील म्हणून. मी त्यांना रागावले खरी, पण गुणपत्रिका कोठीतच राहू दिली.

जत्रेच्या सकाळी त्या खुर्ची टाकून दारातच बसल्या. "लेक येनार न्हाई. मीच सांगते त्यास्नी." आठ दिवस तेवढं एकच वाक्य घोकत होत्या.

अंगदराजे स्वतः आले. तिशीचा, गोड बोलणारा मुलगा. "आजी, भीमराजभाऊंना पाठवता ना?"

सासूबाई ताडकन उठल्या. डोक्यावर पदर ओढला, कमरेत वाकल्या, हात जमिनीला लावला.

"जोहार मायबाप."

छप्पन साली बौद्ध धर्म घेतला, तेव्हापासून आमच्या घरात हा शब्द कुणी तोंडातून काढला नव्हता. तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या.

अंगदराजेंनी किंचित मान डोलावली. सवय असल्यासारखी. मग स्वतःच दचकले.

यजमानांनी डोक्यावरचा फेटा उतरवून त्यांच्या हातात दिला. "वेशीवर आमच्यातलं कोनी यायचं न्हाई," एवढंच बोलले.

राजे गेले, गाडीचा आवाजही गेला. सासूबाई अजून वाकलेल्याच होत्या. मी हाका मारल्या, दंडाला धरून ओढलं, तरी त्या वर येईनात.

"उठ म्हनले का गं ते?" त्यांनी खालूनच विचारलं.