गोंदियाचा बिनपायांचा सारस

निऑन म्हणजे लॉजच्या पाट्या, कला नव्हे, असं आमच्या नागपूरच्या चित्रकार मित्रांनी ठरवून टाकलं आणि माझं डोकं फिरलं. अहो, काचेची रेघ पेटते तेव्हा ती जशी जिवंत दिसते, तशी माझ्या पेन्सिलीतून आजवर एकही उतरलेली नाही! आमच्या प्रदर्शनात मला एक भिंत मिळाली होती. तिथे निऑनचाच सारस लावणार, असं सांगून मी मोकळी झाले. ही २०११च्या सप्टेंबरमधली गोष्ट.

सारस गोंदियाकडचे आणि निऑनच्या काचेच्या नळ्या वाकवणारे लखनभाऊही तिथलेच. सकाळची गाडी धरली की अडीचेक तासांत गोंदिया. स्टेशनबाहेर गरम आलूबोंडा खाऊन ऑटो ठरवली आणि तिरोड्याच्या रस्त्याला लागले. पाण्याने भरलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सारसांची एक जोडी उभी होती. "उतरू नका मॅडम, उडून जाईन जोडा," ऑटोवाल्याने दटावलं. मग ऑटोत बसूनच रेखाटन केलं. तुम्हीही दुर्बीण न्या आणि रस्ता सोडू नका.

दुसऱ्या दिवशी बाजारामागे लखनभाऊंचं दुकान गाठलं. तीस वर्षं ते दुकानांची नावं पेटवत आले, आता सगळ्यांना एलईडी हवी.

"आपण अक्षरं बनवतो मॅडम. पक्षी कायले पाहिजे तुमाले?"

"भिंतीवर लावायला. तुमच्यासारखा हात नागपुरात नाही."

चित्र बराच वेळ न्याहाळून ते म्हणाले, "एकच नळी उरली हाय. फुटली तं खतम."

फुटली असती तर माझी भिंत रिकामी आणि मित्रांचं म्हणणं खरं. भाऊंनी काचेला जोडलेली रबरी नळी तोंडात धरली. तापलेली काच वाकताना चपटी होऊ नये म्हणून आतून फुंकत राहावं लागतं. एका पायापासून वर पाठ, मान, चोच, मग पोटावरून खाली दुसरा पाय, असा अख्खा पक्षी एका नळीत वळवला.

गॅस भरायला एक दिवस लागणार होता. तो मी बोदलकशाच्या तलावावर काढला. डबा सोबत न्या, तिथे मला चहासुद्धा मिळाला नाही.

चौथ्या दिवशी शटर ओढून भाऊंनी बटण दाबलं. लालभडक सारस पेटला, पण त्याला पायच नव्हते! पाटीत तारेकडे जाणारी नळी काळ्या रंगाने झाकायची असते. इथे तारा पायांशी जोडल्या होत्या, म्हणून भाऊंनी सवयीने पाय रंगवून टाकले होते.

"गलती झाली. ब्लेडनं खरडून देतो," ते ओशाळून म्हणाले.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. "खरडता कायले? पाण्यात उभा हाय न तो. पाय कसे दिसतीन?"

मी भाऊंच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं.

नागपूरच्या भिंतीवर तो तसाच लागला. लॉजच्या पाट्या म्हणणारे मित्र त्याच्यासमोरून हलेनात. मला जिंकल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू? सारसाखालच्या कार्डावर मी दोन नावं छापली होती, माझं आणि भाऊंचं. ते वहिनींना घेऊन आले, त्यांनी वाकून कार्ड दोनदा वाचलं.

"पहिल्यांदा आपलं नाव लागलं मॅडम," ते म्हणाले, "अन् तेबी बिनालाइटचं!"